अर्ध्या मैदानाची गार्ड

२८ ऑगस्ट १९८४

आईबाबा सोडून गेले. गाडी दिसेनाशी होईपर्यंत हसत हात हलवला आणि वर खोलीत येऊन उशीत तोंड खुपसून रडले. अठरा वर्षांची घोडी मी! खोलीत दुसरी एक मुलगी आधीच येऊन बसलेली, योलांडा, शिकागोची. तीही आमच्याच संघात, तीही गार्ड. तिनं थोडा वेळ माझं रडणं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं की सांग. खाली पोर्क चॉप आहेत. गार झाले तर बुटाचा तळवा चावल्यासारखे लागतील."

जेवताना तिला आमचा खेळ समजावून सांगताना माझ्या नाकीनऊ आले. आयोवातल्या आमच्यासारख्या छोट्या गावांत मुलींचा बास्केटबॉल सहाजणींचा असतो, हे तिच्या गावीच नव्हतं. तीन गार्ड अलीकडच्या अर्ध्यात, तीन फॉरवर्ड पलीकडच्या. मधली रेषा कुणीही ओलांडायची नाही.

"मग बास्केट कोण टाकतं?"

"फॉरवर्ड. आम्ही अडवायचं, चेंडू हिसकावायचा आणि रेषेपाशी नेऊन त्यांच्या हातात द्यायचा."

"म्हणजे तू आजवर सामन्यात एकही बास्केट टाकलेलं नाहीस?"

"टाकायचं नसतंच."

"देवा रे," ती म्हणाली, "मला अर्धी पोरगी दिलीय."

हसले खरी. इथे पाचजणींचा खेळ, सगळ्या मैदानभर. कोच कोझॅकनी मला शिष्यवृत्ती दिली ती अडवण्यासाठी, बाकीचं शिकवू म्हणाल्या. शिष्यवृत्ती वर्षावर्षाची. शिकले नाही तर घरी.

गेलनचा फोन आला. तो आमच्याच गावचा, ट्रॅक्टरच्या दुकानात काम करतो. शाळेतला माझा एकही सामना त्यानं चुकवलेला नाही. त्याचा आवाज ऐकला आणि बरं वाटलं.

१७ ऑक्टोबर

सरावात आज पुन्हा तेच. चेंडू हातात आला की दोनदा आपटते आणि थांबते, कारण आमच्या खेळात दोनदाच आपटायचा असतो. डोक्याला कळतं, हाताला कळत नाही. कोच कोझॅक ठेंगण्या, केस कापलेल्या, आवाज असा की छताची कबुतरं उडावीत. "जोलीन! कुणाची वाट बघतेयस? बसची?"

सगळ्या हसल्या. मला त्यांची भयंकर भीती वाटते. मला आवडत नाही त्यांचं माझ्याकडे बघणं. सारखं काहीतरी शोधत असल्यासारखं बघतात.

पण अडवायला लागले की मी राणी. योलांडा आज सहा वेळा माझ्या बाजूनं निसटायला बघत होती, एकदाही जमलं नाही. वैतागून म्हणाली, "तुला आधीच कसं कळतं गं, चेटकिणी?" मी सांगितलं, समोरच्याच्या पोटाकडे बघायचं. डोळे फसवतात, हात फसवतात. पोट वळलं की माणूस तिकडेच जाणार.

२४ नोव्हेंबर

मरून जावंसं वाटतंय.

पहिला सामना. उत्तरार्धात मी चेंडू हिसकावला. समोर कुणी नाही. अख्खं मैदान मोकळं, बास्केट मोकळं. मी धावले आणि मधल्या रेषेवर थांबले. थांबले! पाय खिळल्यासारखे. चेंडू पुढे धरून उभी, घ्यायला कुणीतरी येईल म्हणून. सगळं प्रेक्षागार हसलं. आमच्या गावचे लोक नाही हसले, त्यांना कळलं. तेच जास्त लागलं.

२५ नोव्हेंबर

गेलन रविवारचा मुद्दाम भेटायला आला. आम्ही त्याच्या ट्रकमध्ये बसलो. म्हणाला, "तुझ्यावर हसणारी माणसं आपली नव्हेत." मला रडू आलं. त्यानं माझे दोन्ही हात हातात घेतले. "तू जे येतं ते कर ना. अडव. कशाला नसती हौस?"

किती कळतं त्याला. त्याच्याजवळ असले की काही करून दाखवावं लागत नाही.

१५ जानेवारी १९८५

कोच सराव संपल्यावर मला एकटीला थांबवून घेतात. रेषेच्या अलीकडून पलीकडे पळायचं आणि बास्केट टाकायचं. पुन्हा. पुन्हा. रेषा आली की अजून पाय अडखळतो. आज विचारलं, "कोच, मी अडवते ते पुरेसं नाही का?"

त्यांनी चेंडू माझ्याकडे टाकला. "अडवून मिळालेल्या चेंडूचं काय करणार? लोणचं घालणार?"

मग जरा खाली बसल्या आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "तुला कुणी सांगितलं की पलीकडचं दुसऱ्यांचं असतं?"

नियमच होता.

२ फेब्रुवारी

टाकलं! टाकलं! टाकलं!

चेंडू हिसकावला, पळाले, रेषा कधी गेली कळलंच नाही, आणि टाकला. कोपर वाकडं होतं, चेंडू कड्यावर नाचला आणि पडला आत. सामन्यातलं माझं पहिलं बास्केट. योलांडानं मला उचलून घेतलं. कोच हसल्या. त्यांना दात आहेत हे आज कळलं! हाताला अजून चेंडूची खरखर जाणवतेय. मला उद्या परत टाकायचंय. परवापण.

३ फेब्रुवारी

गेलनबरोबर ट्रकमधून फिरायला गेले. म्हणाला, काल तो सामना बघत होता तिथं मागची दोन माणसं माझ्या कोपराची नक्कल करत होती. सांगणार नव्हता, पण बाहेरून कळण्यापेक्षा आपल्या माणसाकडून कळलेलं बरं म्हणून सांगितलं. मी म्हटलं, गेलं ना आत! मग तो परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. उतरताना मीच माफी मागितली. कशाची ते नीट कळलं नाही, पण मागितल्यावर हसला.

१९ फेब्रुवारी

दोन मोकळ्या संधी होत्या, दोन्ही योलांडाला दिल्या. कोच ओरडल्या. स्टँडमध्ये गेलन होता.

१२ डिसेंबर १९८७

खूप दिवसांनी लिहितेय. शेवटचं वर्ष. विभागातली सगळ्यात चांगली अडवणारी म्हणून वर्तमानपत्रात फोटो आला. शिष्यवृत्ती टिकली. बास्केट मोजकीच टाकते, अगदी टाकावीच लागली तर. योलांडा म्हणते, "तुझा नवरा मैदानात उतरला तर तू त्याच्याकडेच पास देशील." अजून नवरा नाहीये, म्हटलं. म्हणाली, "तेवढंच सुख."

तिचं आणि गेलनचं पटत नाही. त्याला ती तोंडाळ वाटते.

५ मार्च १९८८

शेवटचा घरचा सामना. रीत आहे, शेवटच्या वर्षाच्या मुलींनी आईबाबांचा हात धरून मधोमध चालत जायचं, आईला फुलं द्यायची. आई नवे बूट घालून आली होती, घसरू नये म्हणून माझा हात घट्ट धरला होता. मी रडले, आई रडली, बाबा छताकडे बघत होते.

नंतर कोचनी ऑफिसात बोलावलं. पुढच्या वर्षापासून त्यांच्या हाताखाली सहायक कोच म्हणून ये म्हणाल्या. मला! गार्डना शिकवायला! मी खुर्चीतच बसून राहिले. "लगेच उत्तर नको," म्हणाल्या. "पण उत्तर तुझं तू दे. कुणाला विचारून नको."

हे त्या असं का म्हणाल्या?

८ मार्च

गेलनला सांगितलं. तो चिडला नाही. फक्त म्हणाला, "बरं. मग मी एकटाच घर बघतो." मला माहीत नव्हतं त्यानं घर बघितलंय. गावाबाहेर, नाल्यावरच्या पुलापलीकडे, मागे मक्याची शेतं. आमच्या दोघांसाठी बघत होता आणि मी मेली कोचच्या ऑफिसात बसून स्वप्नं बघत होते. फार वाईट वाटलं.

कोचना 'नाही' म्हणून कळवलं. त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "दार उघडं आहे." मला त्यांची भीती वाटते, अजूनही. पण आज त्याच घाबरलेल्या दिसल्या. त्यांना कसली भीती?

१८ जून १९८९

लग्नाला वर्ष झालं. घर छान आहे. जरा आडबाजूला आहे, एवढंच. माझी गाडी विकली. एकाच घरात दोन गाड्या कशाला, गेलनचं म्हणणं बरोबर आहे. योलांडाचा फोन आला की बिल वाढतं, म्हणून तिला मीच सांगितलं, पत्र टाकत जा.

२० नोव्हेंबर १९९०

टेसा. माझी टेसा. हाताची बोटं किती लांब! योलांडा बघती तर म्हणाली असती, चेंडू द्या हिच्या हातात.

९ जानेवारी १९९२

मनगट मोडलं. मागच्या पायरीवर बर्फ होता, घसरले. दवाखान्यात गेलन सारखा माझ्याजवळ होता, डॉक्टरांना सगळं त्यानंच सांगितलं. घरी येऊन त्यानं सूप केलं, मला चमच्यानं भरवलं, आणि माझ्या मांडीत डोकं ठेवून रडला. मी त्याच्या केसांवरून डावा हात फिरवत राहिले.

बर्फ होता.

६ मार्च १९९३

सहाजणींचा खेळ यंदा बंद झाला. पुढच्या वर्षापासून सगळ्या शाळांत पाचजणींचा. गावात जुन्या मुलींचा एक शेवटचा सामना ठेवलाय, मलाही बोलावणं होतं. गेलन म्हणाला, चड्डी घालून नाचायचं वय राहिलंय का? मलाही तसंच वाटत होतं खरं म्हणजे. शिवाय मनगट थंडीत दुखतं.

खेळ बंद झाला तरी माझं कसब गेलेलं नाही, याचं मला हसू येतं. ट्रकचं दार कसं आपटतं त्यावरून कळतं आज काय वाढून ठेवलंय. हळू लावलं तर जास्त जपायचं. किल्ल्या ओट्यावर ठेवल्या तर ठीक. हातातच राहिल्या तर टेसाला वर पाठवायचं, टीव्ही बंद, बीफ गरम हवं, माझा आवाज खाली. बऱ्याचदा मी आधीच जागेवर असते. महिना महिना काही होत नाही. चांगला संसार म्हणजे चांगलं अडवणंच की.

३० ऑक्टोबर १९९५

आईकडे गेले होते. गळ्याला रुमाल होता, तो तिनं सारखा केला. खाली काय आहे ते तिला दिसलं. तिनं रुमाल आणखी घट्ट बांधला. म्हणाली, "गेलन कष्टाळू आहे. तू त्याला उलट बोलत नाहीस ना?"

नाही बोलत, म्हटलं.

घरी येताना ट्रकमध्ये मला दम लागल्यासारखं झालं. नुसती बसले होते तरी. अलीकडे असं होतं. भीती म्हणावी तर समोर काही नसतं. भांडी घासताना होतं, कपडे वाळत घालताना होतं.

१६ फेब्रुवारी १९९७

अक्षर वाकडं येतंय. तरी लिहिते.

आज रविवार दुपार. गेलन त्याच्या भावाकडे गेला होता. मी रेडिओवर कॉलेजचा मुलींचा सामना लावला होता, आवाज अगदी बारीक. आमचंच कॉलेज, कोच कोझॅक अजून तिथंच. बटाटे सोलत ऐकत होते. टेसा टेबलावर चित्र काढत होती.

मध्येच ती उठली. रेडिओ बंद केला. खडू डबीत भरले, डबी खणात ठेवली. दाराजवळचे माझे बूट सरळ लावले. सगळं इतकं झरझर, इतकं न बोलता, की मी सुरी हातात धरून बघतच राहिले.

"काय झालं गं?"

"बाबा आले."

मी कान दिला. काही नाही. वारा. मग बऱ्याच वेळानं खडीवर चाकांचा आवाज आला. माझ्या कानाला तो तेव्हा कळला. तिला आधी.

"तुला कसं कळलं?"

"पुलावरून ट्रक आला की या खिडकीची काच वाजते," तिनं सांगितलं. खूश होती, मला माहीत नसलेलं तिला माहीत होतं म्हणून. "आणि दारातून आले की त्यांच्या अंगठ्याकडे बघायचं आई. अंगठा मुठीच्या आत असला की वाईट. तोंडाकडे नाही बघायचं. तोंड कधीकधी हसतं."

सहा वर्षांची आहे ती.

ट्रकचं दार लागलं. हळू. टेसानं माझा एप्रन धरून मला फ्रिजच्या बाजूच्या कोपऱ्यात ढकललं आणि स्वतः पुढे उभी राहिली. पाय फाकवून, गुडघे वाकवून, हात जरा पसरून. कुणी शिकवलं नाही तिला. मी नाही शिकवलं. म्हणजे रोज शिकवलं.

"तू मागे राहा," ती म्हणाली. "आज मी."

गेलन आत आला. आज काहीच झालं नाही. किल्ल्या ओट्यावर ठेवल्या, भावाला शिव्या दिल्या, जेवला. टेसाच्या पायावर पाय देऊन ओलांडून गेला, लागलं का विचारलं नाही. तिनंही हूं की चूं केलं नाही. मी बटाटे वाढले. इतकी वर्षं मला वाटत होतं मी तिला मागे ठेवलंय, तिच्यापर्यंत काही पोचू देत नाही. बाई गं, ती कधीपासून पुढे उभी आहे?

१८ फेब्रुवारी

टेसाला शाळेत सोडायला तिच्या बसमधून मीही गेले. ऑफिसातल्या बाईंना म्हटलं, एक फोन करू का, लांबचा आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं, फोन पुढे सरकवला आणि झाडांना पाणी घालायला बाहेर गेल्या. बाहेर एकही कुंडी नव्हती.

कॉलेजच्या जिमचा नंबर टेलिफोनच्या चौकशीवरून घेतला. कुणीतरी मुलगी म्हणाली, कोच सरावात आहेत, नंतर करा. मी ठेवणारच होते. खरंच ठेवणार होते, बरंच झालं, काय सांगणार होते नऊ वर्षांनी? तोंडातून एवढंच आलं, "सांगा जोलीन आहे. गार्ड."

धावत आल्या. धाप लागलेली ऐकू येत होती. कशी आहेस नाही, कुठे होतीस नाही.

"आत्ता कुठे आहेस?"

"टेसाच्या शाळेत."

"पोर जवळ आहे?"

"वर्गात आहे."

"तिला घेऊन तिथंच बस. घरी जाऊ नकोस. काही आणायला पण नाही. मी निघाले."

"कोच, सराव चाललाय ना तुमचा?"

"जोलीन, गप्प बस आणि बसून राहा."

बसून राहिले. खिडकीतून दिसणारा प्रत्येक ट्रक त्याचाच वाटत होता. दोनदा उठले, घरी जायला. फ्रिजमधलं बीफ बाहेर काढायचं राहिलंय, तो दुपारी येतो, रिकामं घर बघितलं तर काय करेल. दुसऱ्यांदा दारापर्यंत पोचले होते. ऑफिसातल्या बाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "बाहेर फार गारठा आहे हो. बसा ना." त्या हलल्या नाहीत. मी परत बसले.

२१ फेब्रुवारी, कोचचं घर

आज सकाळी कोर्टात गेलो. गेलन समोरच्या टेबलाशी, निळा शर्ट घालून, विंचरून. मागच्या बाकावर त्याच्या बाजूला माझी आई. त्याच्या बाजूला. मी बघायचं नाही ठरवलं होतं, तरी नजर त्याच्या हातांकडे गेली. टेबलाखाली होते. न्यायाधीश बाईंनी विचारलं, मनगट कसं मोडलं? माझ्या मागे योलांडा होती, शिकागोहून गाडी चालवत आलेली, तिनं जोरात नाक ओढलं. मी म्हटलं, त्यानं मोडलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. त्या म्हणाल्या, मोठ्यानं सांगा. मोठ्यानं सांगितलं. पायरीवर बर्फ नव्हता, तेही सांगितलं.

त्यानं आमच्यापासून लांब राहायचा हुकूम मिळाला आहे. कागद आहे. कागदानं ट्रक थांबतो का, कोण जाणे. बाहेर पडताना गेलन हळूच म्हणाला, "किती दिवस?" हसत म्हणाला. योलांडानं मला दंडाला धरून चालवत गाडीपर्यंत आणलं.

संध्याकाळी जेवायला बसलो. कोचनी कोंबडी भाजली होती, निम्मी करपवली. टेसानं टेबलाला एक फेरी मारली आणि रस्त्याकडच्या खिडकीसमोरची खुर्ची धरली. ताटाकडे बघेना. काटा हातात, डोळे बाहेर. गाडी गेली की मान वळायची.

"तिथं वारा लागेल गं तुला," कोच म्हणाल्या.

"इथून दिसतं," टेसा म्हणाली.

कोचनी माझ्याकडे बघितलं आणि त्या ताडकन उठून ओट्याकडे गेल्या. नळ सोडला. योलांडा मिठाची बाटली हातात धरून बसून राहिली. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी म्हणेल. मग कळलं की म्हणायचं मी आहे.

"टेसा, ऊठ. तिथं मी बसते."

"तुला ऐकू येत नाही आई. तुला उशिरा येतं."

"येईल. ऊठ बाळा."

ती उठली, पण मनाविरुद्ध. माझ्या जागेवर जाऊन बसली, खिडकीकडे पाठ करून. पाठ अशी ताठ की बघवेना. दोनदा वळून बघितलं. मग माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी हसायला लागले, रोज हसते तसं, आणि तिची नजर तोंडावरून माझ्या हातांकडे गेली. मी हसणं सोडून दिलं.

"मला भीती वाटतेय," मी म्हटलं. "खूप वाटतेय. पण ती माझी आहे. तू जेव."

तिनं जरा विचार केला. मग काटा खाली ठेवला, दोन्ही हातांनी कोंबडीची तंगडी उचलली आणि खायला लागली.